सहा पाकिटे आणि एक पत्रक: नवशिक्यांसाठीच्या फुलझाडांच्या बियाणे-पेटीचा अनुभव

बियांपासून फुलझाडे वाढवण्याची हौस आहे, पण आजवर रोपवाटिकेतून तयार रोपेच आणत आलो, अशा माणसांसाठी हल्ली ‘सर्व साहित्यासह’ पेट्या मिळतात. त्यांपैकी एक मी विकत घेतली आणि पहिल्या पेरणीपासून शेवटच्या रोपाला फूल येईपर्यंत, म्हणजे साधारण पाच महिने, वापरून पाहिली. अशा पेट्यांवरची नावे निरनिराळी असली तरी आतला ऐवज बहुतेक सारखाच असतो, त्यामुळे उत्पादकाचे नाव बाजूला ठेवून पेटीत काय आहे आणि त्याचा उपयोग कितपत होतो, एवढ्याबद्दलच लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: बियाणे चांगले आहे, ट्रे बरा आहे आणि सोबतचे माहितीपत्रक इतके सदोष आहे की ते प्रामाणिकपणे पाळणाऱ्याची निम्मी रोपे मरतील. माझी मेली.

पेटीत २४ कप्प्यांचा काळ्या प्लास्टिकचा ट्रे, त्याखाली ठेवायचे तबक, वरून बसणारे पारदर्शक झाकण, कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट, पाणी फवारण्याची लहान बाटली, नावे लिहिण्यासाठी लाकडी पट्ट्या, बियांची सहा पाकिटे आणि घडी घातलेले एक पत्रक निघाले. पाकिटे झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पेटुनिया, पॅन्सी आणि मॉर्निंग ग्लोरी यांची होती. चित्रात ही सहा फुले शेजारी शेजारी फार शोभून दिसतात, परंतु ज्याला बियाण्यांची थोडीफार ओळख आहे त्याला ही निवड पाहताच शंका यावी. पहिली तीन फुले कोणाच्याही हातून उगवतात. पेटुनिया आणि पॅन्सी ही अनुभवी माणसालाही घाम फोडणारी आहेत, आणि मॉर्निंग ग्लोरीला ट्रेमध्ये वाढून मग दुसरीकडे जाणे मुळातच आवडत नाही. ही सगळी मंडळी एका झाकणाखाली बसवणे म्हणजे एकाच पंगतीत उपास असलेला, पथ्य असलेला आणि सपाटून भूक लागलेला असे तिघे बसवून सर्वांना एकच ताट वाढण्यासारखे आहे.

सुरुवात विटेपासून करतो, कारण पहिला घोटाळा तिथेच झाला. ६५० ग्रॅमची वीट चारएक लिटर पाण्यात ठेवली की फुगून आठ-नऊ लिटर कोकोपीट तयार होते. या ट्रेच्या एका कप्प्यात जेमतेम ४० मिलिलिटर मावते, म्हणजे २४ कप्पे काठोकाठ भरले तरी एक लिटर पुष्कळ झाले. पत्रकात मात्र ‘वीट बादलीत ठेवून तीवर पाणी ओतावे’ एवढेच वाक्य आहे. मी त्याप्रमाणे केले आणि ट्रे भरून झाल्यावर बादलीभर ओले कोकोपीट शिल्लक राहिले. ज्याला पुढे कुंड्या भरायच्या आहेत त्याचे यात काही बिघडत नाही. इतरांनी वीट कोरडी असतानाच जुन्या करवतीने तिचा आठवा हिस्सा कापून घ्यावा आणि उरलेली वीट तशीच कोरडी ठेवून द्यावी, ती वर्षानुवर्षे टिकते.

विटेच्या वेष्टनावर ‘पोषक माध्यम’ असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि ते दिशाभूल करणारे आहे. कोकोपीट हा नारळाच्या काथ्यामधून निघणारा भुसा. तो पाणी उत्तम धरून ठेवतो, भुसभुशीत राहतो, मुळांना हवा मिळू देतो, पण त्यात झाडाच्या उपयोगाचे अन्न जवळजवळ नसते. शिवाय नारळाची सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात भिजत घातली जात असल्यामुळे त्यात क्षार उरलेले असू शकतात, म्हणून ते वापरण्यापूर्वी साध्या पाण्याने एक-दोनदा धुऊन घेणे शहाणपणाचे असते. माझ्या विटेतून पहिल्या धुण्याला निघालेले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते, तिसऱ्या वेळेस ते बरेच निवळले. बी रुजण्यापुरता पोषणाचा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक बी आपली शिदोरी सोबत घेऊन येते, आणि बीजपत्रांतला साठा संपेपर्यंत रोपाला बाहेरून काही लागत नाही. परंतु त्यानंतर जी खरी पाने फुटतात, ती निव्वळ कोकोपीटवर पिवळी पडू लागतात. ज्याने वेष्टनावरचे ‘पोषक’ वाचून विश्वास ठेवला, त्याला ही पिवळी पाने का दिसतात ते कधीच कळणार नाही.

आता बियांकडे वळू. झेंडूची बी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बी वाटतच नाही. अर्धी काळी आणि अर्धी फिकट, बारीक काडीसारखी दिसते आणि फिकट टोकाला कुसळांचा छोटा झुबका असतो. काळे टोक खाली करून उभी खोचावी की आडवी ठेवावी यावर लोक वाद घालतात. मी दोन्ही प्रकारे लावली आणि फरक दिसला नाही. साधारण २१ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात चौथ्या-पाचव्या दिवशी कोकोपीट किंचित उचलल्यासारखे झाले, खालून वाकलेल्या देठाचा पांढुरका आकडा वर आला आणि दुपारपर्यंत तो सरळ झाला. एका रोपाच्या डोक्यावर बीचे काळे टरफल टोपीसारखे अडकून बसले होते, त्यामुळे बीजपत्रे उघडत नव्हती. अशा वेळी ओढाओढ करू नये. टरफलावर पाण्याचा एक थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मग दोन नखांच्या चिमटीत धरून हलकेच सोडवावे. माझे ते रोप वाचले आणि पुढे सर्वांत आधी फुलले.

झिनियाचे काम याहूनही सोपे आहे. चपट्या, बाणाच्या टोकासारख्या बिया, त्यांवर पाऊण सेंटिमीटर माती, ऊब आणि चांगला उजेड एवढ्यावर ती भागवते, आणि पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुलते. (हे नाव योहान गॉटफ्रीड झिन या १७२७ ते १७५९ या काळात होऊन गेलेल्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आहे, फूल मात्र मेक्सिकोकडचे. झेंडूच्या ज्या दोन जातींना ‘आफ्रिकन’ आणि ‘फ्रेंच’ म्हणतात त्यांचीही जन्मभूमी तीच, तेव्हा नावावर जाऊ नये.) झिनियाचा एकच हट्ट असतो: मुळे हलवलेली तिला खपत नाहीत. म्हणून ती शक्य असेल तर थेट वाफ्यात किंवा कायमच्या कुंडीतच पेरावी, ट्रेचा आग्रह धरू नये. कॉसमॉसही जवळजवळ याच वळणाचे आहे, आणि त्याच्याबाबत नवशिक्याचे प्रेमच आड येते. खत जास्त झाले की कॉसमॉस बडीशेपेच्या झुडपासारखे नुसते पाल्याने माजते आणि कळ्या धरत नाही. माझ्या दोन कुंड्यांपैकी ज्या कुंडीकडे माझे दुर्लक्ष झाले, ती आधी बहरली.

खरी परीक्षा पेटुनियाच्या पाकिटाने घेतली. ते फाडून तळहातावर उलटे केले तेव्हा भाची शेजारी उभी होती. ती म्हणाली, “मामा, यात तर काहीच नाही. रिकामं पाकीट दिलंय तुम्हाला.” नीट पाहिल्यावर तळहाताच्या रेषांत तपकिरीसर धुरळा दिसला, तेच बी. पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १० हजार बिया भरतात. एवढ्याशा बीजवळ शिदोरी ती किती असणार? तिला अंधारातून वर चढून यायला लावले तर ती वाटेतच संपते, म्हणूनच निसर्गाने तिला उजेड दिसला तरच रुजण्याची सवय लावून ठेवली आहे. पेटुनियाचे बी ओल्या पृष्ठभागावर नुसते टेकवायचे असते, वरून मातीचा कणही घालायचा नसतो, आणि पाणी वरून न देता तबकातून खालून शोषून घेऊ द्यायचे असते, नाहीतर फवाऱ्याच्या पहिल्या थेंबासरशी ते कोपऱ्यात वाहून जाते. मी पुढच्या खेपेला वापरलेली युक्ती अशी की दात कोरायच्या काडीचे टोक ओले करायचे, त्याला एकच बी चिकटवायचे आणि ते कप्प्याच्या मध्यभागी अलगद टेकवायचे. ज्यांना एवढा सोस नाही त्यांच्यासाठी चिकणमातीचा लेप देऊन मोहरीएवढ्या गोळ्या केलेले पेटुनियाचे बियाणेही मिळते. ‘नवशिक्यांसाठी’ म्हणवणाऱ्या पेटीत खरे तर तेच असायला हवे होते. उत्पादकाने इथे काटकसर केली आहे हे स्पष्ट दिसते.

पॅन्सीचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिला रुजण्यासाठी काळोख आणि थंडावा लागतो. तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास असावे, बियांवर बेताचे आच्छादन असावे आणि उगवण होईपर्यंत ट्रेवर पुठ्ठा झाकलेला असावा. ज्या उबेत झेंडू आणि झिनिया चार दिवसांत वर येतात, तिथे पॅन्सीची उगवण घटते आणि जे बी येते तेही दोन-दोन आठवडे वाट पाहायला लावते. मॉर्निंग ग्लोरीची अडचण तिसऱ्याच प्रकारची आहे. तिच्या बीचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. बीच्या ज्या बाजूला बारीक खूण असते तिच्या विरुद्ध बाजूला कानशीने, नाहीतर नखे घासण्याच्या पट्टीने, फिकट रंग दिसेपर्यंत थोडे घासावे आणि मग रात्रभर पाण्यात भिजवावे. भिजून दुप्पट फुगलेली बी पेरली की आठवडाभरात मधोमध खाच असलेली रुंद बीजपत्रे वर येतात. जी फुगली नाही ती पुन्हा घासावी. एक सूचना इथे अत्यावश्यक होती आणि ती पेटीवर कुठेही नाही: मॉर्निंग ग्लोरीच्या बिया विषारी असतात. ज्या पेटीच्या झाकणावर हसणाऱ्या मुलाचे चित्र आहे, तिच्यात ही ओळ नसणे मला अक्षम्य वाटते.

म्हणजे सहा पाकिटांत एकाला उजेड हवा, एकाला अंधार, एकाचे कवच खरवडायला हवे आणि बाकीच्या तिघांना फक्त ऊब. आता पत्रक काय सांगते ते पाहा. ‘सर्व बिया एक सेंटिमीटर खोल पेराव्यात. दररोज सकाळ-संध्याकाळ पाणी फवारावे. रोपे झाकणाला टेकेपर्यंत झाकण काढू नये.’ या तीन वाक्यांपैकी पहिले वाक्य झिनियाला आणि झेंडूला चालून जाते, पेटुनियाला मात्र ते जिवंत गाडते. खोलीचा सर्वमान्य अंदाज असा की बीच्या जाडीच्या दोन ते तीन पट माती वर असावी, आणि धुळीसारखे बारीक बी उघडेच ठेवावे. हे एक वाक्य छापायला पत्रकात जागा नव्हती असे म्हणता येत नाही, कारण त्याची मागची बाजू संपूर्ण कोरी आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याने झालेले नुकसान अधिक मोठे होते. मी नियमाने दोन्ही वेळा फवारत होतो आणि झाकण बंद ठेवत होतो. बाराव्या दिवशी सकाळी पाहतो तो झेंडूची तीन रोपे आडवी पडलेली. पाने हिरवीगार होती, त्यामुळे आधी वाटले की धक्का लागला असेल. एक रोप उचलून पाहिले तेव्हा मातीलगतचा देठ चिमटा काढल्यासारखा बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेला दिसला. संध्याकाळपर्यंत आणखी पाच गेली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कप्प्यांतल्या कॉसमॉसने माना टाकल्या. रोपवाटिकेतल्या लोकांना चांगली ठाऊक असलेली ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे बुरशीवर्गीय रोगकारक सतत ओल्या राहणाऱ्या माध्यमात आणि कोंदट हवेत बळावतात आणि कोवळा देठ कुजवतात. आडवे पडलेले रोप वाचवता येत नाही. तो कप्पा माध्यमासकट काढून टाकायचा, झाकण उघडायचे, पाणी तोडायचे आणि हवा खेळती करायची, एवढेच हाती असते. झाकणाचे काम बी रुजेपर्यंत ओल टिकवणे हे आहे. निम्मी रोपे डोके वर काढू लागली की त्याचे काम संपले, आणि त्यानंतर ते जितके दिवस राहील तितके ते वैऱ्याचे काम करते. ऊन थेट पडणाऱ्या खिडकीत तर बंद झाकणाखालचा ट्रे तासाभरात इतका तापतो की बोट आत घालवत नाही.

पाण्याबाबत पत्रकाने घड्याळाऐवजी हाताची परीक्षा सांगायला हवी होती. पेरताना कोकोपीट मुठीत दाबले असता बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. उगवण झाल्यावर वरचा थर फिकट दिसू लागला आणि ट्रे उचलल्यावर हलका वाटला की तबकात पाणी घालावे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओतून द्यावे. ट्रेचे वजन ओळखायला हात दोन-तीन दिवसांत सरावतो. हा ट्रे यासाठी खरोखर सोयीचा आहे, हे नमूद करतो: प्रत्येक कप्प्याच्या तळाला पुरेसे मोठे छिद्र आहे, तबक खोल आहे, आणि प्लास्टिक एवढे जाड आहे की तीन वेळा वापरूनही कडा फाटल्या नाहीत. मर येऊन गेल्यानंतर तो साबणाने घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवून, स्वच्छ धुऊन पुन्हा वापरला. तरी एक उणीव आहेच. ४० मिलिलिटरच्या कप्प्यात झेंडूचे रोप तीन-साडेतीन आठवड्यांत मुळांनी गच्च होते, आणि पेटीत पुढच्या टप्प्यासाठी एकही मोठा पेला नाही. पेटुनिया आणि पॅन्सी सावकाश वाढतात म्हणून त्यांना हे कप्पे पुरतात.

उजेडाचा विषय पत्रकाने ‘उजेडाच्या ठिकाणी ठेवावे’ एवढ्यावर संपवला आहे. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली रोपाच्या दृष्टीने बहुधा अंधारीच असते. पहिल्या खेपेची माझी रोपे आठवडाभरात खिडकीकडे मान वाकवून बोटभर उंच, पांढुरकी आणि किडकिडीत झाली. दुसऱ्या खेपेला मी साधा पांढरा एलईडी दिवा रोपांच्या शेंड्यांपासून १०-१५ सेंटिमीटरवर टांगला आणि दिवसाचे १४ ते १६ तास सुरू ठेवला. तीच बियाणी, तोच ट्रे, पण रोपे बुटकी, जाड देठाची आणि गडद हिरवी झाली. झेंडूची रोपे लांबोडी झालीच तर त्यावर उतारा आहे: मोठ्या कुंडीत हलवताना बीजपत्रांपर्यंत खोल लावली की पुरलेल्या देठालाही मुळे फुटतात. प्रत्येक फुलझाडाला हा उपाय चालत नाही.

पाकिटांवर जे छापलेले नाही त्याचीही तक्रार केली पाहिजे. ‘झेंडू, मिश्र रंग’ एवढेच लिहिले आहे, पण फ्रेंच झेंडू वीतभर उंचीवर थांबतो तर आफ्रिकन जातीतले काही प्रकार कमरेला लागतात, आणि कुंडी किती मोठी घ्यावी हे त्यावरच ठरते. पेटुनिया आणि पॅन्सीच्या पाकिटांवर ‘एफ-१ संकरित’ ही अक्षरे आहेत, परंतु अशा झाडांचे बी धरून पुन्हा पेरले तर आईबापांचे गुण विस्कटून वेगवेगळी रोपे निघतात, हे नवशिक्याला कोण सांगणार? पॅकिंगची तारीख आहे, उगवणक्षमता तपासल्याची तारीख आणि टक्केवारी मात्र नाही. बियांचे आयुष्य जातीजातीनुसार फार बदलते. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील यांनी १८७९ मध्ये बाटल्यांत भरून पुरून ठेवलेल्या बियांपैकी एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बिया उगवल्या. उलट चायना अ‍ॅस्टरसारख्या फुलझाडाचे बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडते. म्हणून पाकिटावर भरवसा न ठेवता घरीच परीक्षा घ्यावी. ओल्या कागदी रुमालाच्या घडीत दहा बिया मोजून ठेवाव्यात, ती घडी डब्यात बंद करून उबदार जागी ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी मोड मोजावेत. मी केलेल्या परीक्षेत झिनियाच्या दहापैकी नऊ, झेंडूच्या आठ आणि कॉसमॉसच्या आठ बिया उगवल्या, म्हणूनच सुरुवातीला बियाणे चांगले आहे असे म्हटले. उरलेले बी हवाबंद बरणीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे. ओल आणि उष्णता हे त्याचे दोन मोठे शत्रू.

किरकोळ वस्तूंबद्दल थोडक्यात: फवारणीच्या बाटलीचा चाप दुसऱ्या महिन्यात अडकला, आणि लाकडी पट्ट्यांना ओलीमुळे पांढरी बुरशी आली आणि अक्षरे फुटली. जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यांवर पेन्सिलीने लिहिलेले जास्त टिकते. पेटीत खत नाही याबद्दल मी तक्रार करणार नाही, कारण ते वेगळे घेणे केव्हाही बरे. मात्र खऱ्या पानांची पहिली जोडी उघडल्यावर द्रवरूप खत सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथाई करून आठवड्यातून एकदा द्यावे, रोपे बाहेर हलवण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवत उन्हावाऱ्याची सवय करावी आणि झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांचा शेंडा पानांच्या तीन-चार जोड्या झाल्यावर खुडावा, हे तीन मुद्दे पत्रकात नसल्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होते. शेंडा खुडताना पहिल्यांदा जीव वरखाली होतो. माझ्या भाचीने तर झिनियाच्या एका रोपाला हात लावू दिला नाही. ते एकच सोटा होऊन वाढले, त्याला आधाराची काडी द्यावी लागली, आणि खुडलेल्या रोपांवर चार-चार फांद्या फुलत असताना त्याच्यावर बराच काळ एकच फूल होते.

उत्पादकाला मी पत्रकातील चुका मुद्देसूद लिहून कळवल्या. तीन दिवसांत उत्तर आले, ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवतो. उत्तरात ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असे लिहून पेटुनियाचे एक नवे पाकीट विनामूल्य पाठवले होते, आणि सोबत तेच पत्रक जोडले होते. सौजन्यात काही कमी नव्हते. माझे पत्र कोणी वाचले असावे असे मात्र वाटले नाही.

तेव्हा घ्यावी की न घ्यावी? ज्याच्याकडे ट्रे, दिवा आणि थोडा अनुभव आहे त्याने या पेटीत पैसे घालू नयेत. त्याने हवी ती पाकिटे सुटी घ्यावीत. ज्याला अगदी पहिल्यांदा पेरायचे आहे आणि साहित्य शोधत फिरण्याचा कंटाळा आहे त्याने घ्यायला हरकत नाही, परंतु पहिल्या खेपेला झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस ही तीनच पाकिटे उघडावीत, मॉर्निंग ग्लोरी थेट मोठ्या कुंडीत जाळीजवळ पेरावी आणि पेटुनिया-पॅन्सी बरणीत बंद करून ठेवावीत. एका वेळी सर्व बी संपवू नये, कारण पहिली पेरणी बहुधा शिकण्यातच जाते. भेट म्हणून लहान मुलाला द्यायची असेल तर मॉर्निंग ग्लोरीचे पाकीट आधी काढून घ्यावे.

दुसऱ्या खेपेला मी याच क्रमाने गेलो. झेंडूच्या १२ पैकी ११ रोपांना फुले आली, पॅन्सीची पाच रोपे तग धरून राहिली, आणि भरपाई म्हणून आलेल्या पेटुनियाच्या पाकिटातून २० बिया मोजून टेकवल्या त्यांतल्या १६ उगवल्या. एवढे बारीक बी पाकिटातून थेट पेरणे अशक्य असते. ते आधी पांढऱ्या कागदाच्या घडीत घेऊन, कागद तिरका धरून, मागून पेन्सिलीने टकटक करत पुढे सरकवावे लागते. त्यासाठी लागणारा गुळगुळीत, जाड आणि एका बाजूने कोरा कागद शोधावा लागला नाही. पेटीतले पत्रक त्या कामाला फार उपयोगी पडले.